आधी बुंध्याशी बस

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन तू देवगड-वेंगुर्ला पट्ट्यातल्या आंबा-काजू बागायतदारांना सल्ला देण्याचे काम स्वीकारलेस, हे वाचून फार समाधान वाटले. पहिल्या हंगामात कोणती चूक टाळावी, असे तू विचारतेस. झाड जवळून पाहिल्याखेरीज औषधाचे नाव काढू नकोस, एवढेच मी सांगेन. आणि ते का, हे मी कसे शिकलो तेही लिहितो.

कामाला लागून दोनच वर्षे झाली होती. 1990 मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून लावलेली काजूच्या वेंगुर्ला-4 या जातीची कलमे तेव्हा नुकती भरात आली होती. अशाच एका बागेच्या मालकाने एक झाड पिवळे पडत असल्याचे सांगितले. मला पुढच्या गावी जायची घाई होती, म्हणून गडग्याबाहेरूनच, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाबाहेरूनच, पाहून मी खताची मात्रा लिहून दिली. दीड महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा झाड वाळले होते. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी बुंध्याशी बसून कोयत्याने माती बाजूला केली, तेव्हा डिंकात कालवलेला लाकडाचा भुसा दिसला, साल उचलली तर आत वेड्यावाकड्या पोखरलेल्या वाटा आणि बोटाएवढी पांढरी अळी. तो खोडकिडा होता, काजूचे खोड आतून पोखरणारी कीड. पाने पिवळी पडेपर्यंत बुंध्याभोवतीची साल आतून बरीचशी खाल्ली गेलेली असते आणि मग ते झाड सहसा हाती लागत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते. पण वाकून पाहिले नव्हते. "शेजारची चार तरी बघा," एवढेच ते म्हणाले. त्यांतल्या दोन झाडांच्या बुंध्याशी नुकताच भुसा दिसू लागला होता. तारेने अळ्या काढल्यावर ती वाचली. मेलेले झाड मात्र मुळासकट काढून जाळावे लागले, कारण ते तसेच ठेवले तर कीड शेजारच्या झाडांवर जाते.

तेव्हापासून काजूच्या बागेत शिरलो की मी आधी बुंध्याशी बसतो, मग वर पाहतो. तूही तसेच कर. पालवी आणि मोहोर यांवरचा ढेकण्या (रस शोषणारी कीड) उभ्याने दिसेल, कारण कोवळे शेंडे करपल्यासारखे काळे पडतात. खोडकिड्यासाठी मात्र गुडघे टेकावेच लागतात.

आंब्याच्या बाबतीत तुझ्या हाती फवारणीचे वेळापत्रक असेल. ते अनुभवातून घडलेले आहे, त्याचा आदर कर. पण वेळापत्रकाला बाग दिसत नाही. मोहोर येण्यापूर्वीची पहिली फवारणी खोडावर आणि जाड फांद्यांवरही नीट झाली पाहिजे, कारण मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे सालीच्या भेगांत दडून बसलेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी मजूर फक्त पानेच भिजवतात. पुढे मोहोर फुललेला असताना शक्य तितके थांबायला सांग, कारण फळधारणा माश्या आणि इतर कीटकांच्या येण्यावर अवलंबून असते. "या आठवड्यात काही मारू नका" हा सल्ला देणे सर्वांत अवघड जाते, कारण बागायतदाराला वाटते की सल्लागाराने काही दिलेच नाही. म्हणून त्याला झाडाखाली उभे करून मोहोर दाखव, तुडतुडे त्याच्यासमोर मोज आणि मग सांग.

पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आंब्याला नियमित मोहोर यावा म्हणून देतात ते संजीवक, याबद्दल जरा सविस्तर लिहितो. शिफारस साधी आहे: 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, निरोगी आणि जोमदार कलमाला, त्याच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिलि. बिघडते ते बाग कराराने दिल्यामुळे. दोन-तीन वर्षांसाठी बाग घेणाऱ्याला तेवढ्याच वर्षांचे उत्पन्न दिसते. तो मात्रा वाढवतो, दुबळ्या कलमालाही देतो, खत-शेणाकडे पाहत नाही, आणि आखूड, गुच्छासारखा मोहोर व खुरटलेली पालवी पाहायची वेळ मालकावर येते. म्हणून तुला विचारणारा मालक आहे की करारदार, हे आधी समजून घे. करारदाराचा राग करू नकोस, त्यालाही घर चालवायचे असते. परंतु त्याच्या सांगण्यावरून जास्तीची मात्रा कधीही लिहून देऊ नकोस, आणि मालकाला भेटून करारनाम्यात खताची व संजीवकाच्या मात्रेची अट घालायला सांग. हे शेतीशास्त्राच्या बाहेरचे वाटेल, पण कलम वाचते ते इथेच.

काढणीबद्दल थोडक्यात: फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झाले की देठासकट, झेल्याने (जाळी बांधलेल्या काठीने), सकाळी लवकर उतरवावे आणि लगेच सावलीत ठेवावे. तापलेल्या कातळावर आंबा तासभर पडून राहिला, तर साक्याचे, म्हणजे आतला गर पांढुरका आणि स्पंजासारखा होण्याचे, प्रमाण वाढते.

औषध दुकानाकडून कमिशन घेण्याची विचारणा पहिल्याच वर्षी होईल. नको म्हण. एकदा घेतलेस की "काही मारू नका" हे शब्द तुझ्या तोंडून निघणे कठीण होईल.

एक वही ठेव. बाग, तारीख, काय पाहिले, काय सांगितले आणि पुढच्या फेरीत काय आढळले, एवढेच लिहायचे. चुकलेल्या सल्ल्याचे पान फाडू नकोस, आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे स्वतः जा.

पाऊस सरला की काजूच्या बुंध्यांपासून सुरुवात कर. पहिल्या दहा बागांत काय दिसले ते मला लिहून पाठव. शंका असेल तिथे भुशाचा आणि सालीचा जवळून काढलेला फोटो जोड. थंडी पडण्याआधी मी एक फेरी तुझ्याबरोबर घेईन.

तुझा,
काका