रेमो फर्नांडिस आर्किटेक्चर शिकून गायक कसे झाले, सुरुवातीचं आयुष्य कसं होतं, आणि त्यांचं संगीत नक्की कोणत्या प्रकारात मोडतं?

प्रश्नाचा शेवटचा भाग वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. "नक्की कोणत्या प्रकारात मोडतं" हे मी गेली पस्तीसेक वर्षं ऐकतोय, तेही माझ्या स्वतःच्या घरात.

मी सावंतवाडी तालुक्यातला. आम्हाला कोल्हापूरपेक्षा गोव्यातलं म्हापसा जवळ, मावशी तिकडेच दिलेली, त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आईबरोबर जाणं आणि मावशीकडे राहणं हे नेहमीचंच. 1987 च्या मे महिन्यात मावसभावाने एक कॅसेट लावली. 'गोअन क्रेझी', रेमोची, 1984 ची. गाणी इंग्रजी, मला अर्धी कळली असतील नसतील, पण त्यातली माणसं आपल्याकडची होती, बोलायची ढब आपल्याकडची होती, आणि इंग्रजी गाण्यात असं असू शकतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मग मावसभाऊ म्हणाला, हे सगळं त्याने शिवोलीला घरी बसून केलंय. सगळी वाद्यं तोच, सगळे आवाज तोच, रेकॉर्डिंग त्याचंच, कव्हरचं चित्रसुद्धा त्यानेच काढलंय, आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानादुकानात कॅसेटी तोच देऊन येतो. शिवोली म्हापशाहून किती लांब, सात-आठ किलोमीटर. म्हणजे हे मुंबईत नाही, लंडनला नाही, इथे झालंय. मी त्या रात्री झोपलो नाही.

चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर, म्हणजे घरी वापरायच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर, त्याने केला तसा अख्खा अल्बम करणं म्हणजे काय ते आज मोबाइलवर शंभर ट्रॅक लावणाऱ्यांना सांगून कळणार नाही. साध्या कॅसेटवर चार पट्ट्या, एकावर गिटार, एकावर बेस, एकावर ताल, झाले की ते तिन्ही मिळून उरलेल्या चौथ्यावर ओतायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचं भरायचं. एकदा ओतलं की मागे जाता येत नाही, गिटार मोठी झाली तर झाली, आणि दर वेळी टेपची खरखर वाढते ती वेगळीच. म्हणजे शेवटी गाणं कसं ऐकू येणार आहे हे पहिली तार छेडायच्या आधी डोक्यात पक्कं पाहिजे. हा माणूस "कुठल्याच एका गोष्टीत पक्का नाही" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं ते यामुळे.

आता माझं. मावसभावाच्या ओळखीने जुनी गिटार घेतली, वर्षभर पुस्तकातून बघून शिकलो. 1988 च्या चतुर्थीला आमच्याकडे भजन होतं. आमच्याकडचं भजन म्हणजे काय चीज आहे ते सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, लोक रात्र रात्र बसतात. बुवा पेटीवर, माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो पखवाजावर. मी स्वतः एक गजर, म्हणजे भजनात जोशात म्हणायचं गाणं, लिहिला होता, मालवणीत, मुंबईहून गाडीत उभ्याने येणाऱ्या चाकरमान्यांवर, चाल गजराचीच पण खाली गिटारचे कॉर्ड. बुवांना आधी विचारलं होतं, ते बघू म्हणाले होते. दोन कडवी झाली. समोरची पोरं टाळ्या धरायला लागली होती, हे मी अजून शपथेवर सांगेन. आणि बुवांनी पेटीचा भाता बंद केला. सगळ्या गावासमोर म्हणाले, "ह्या काय भेसळ रे? आदी एक कायतरी धड शिक, मगे कालवाकालव कर." दादाने पखवाजावरचे हात उचलले. मला बुवांच्या बोलण्याचं तेवढं नाही लागलं जेवढं त्या उचललेल्या हातांचं लागलं. मी गिटार घेऊन खळ्यात येऊन उभा राहिलो, आत दुसरा अभंग सुरू झाला. नंतर दहा वर्षं ती गिटार भिंतीला होती.

भेसळ. हा शब्द दुधाला वापरतात, तो गाण्याला कोणी लावला मला माहीत नाही. ज्या पेटीचा भाता बुवांनी बंद केला ती पेटी मूळची कुठली? फ्रान्समधली. याच कारणाने आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बंदी घातली होती आणि ती कितीतरी वर्षं चालली, आज मात्र पेटीशिवाय भजन कोणाला सुचत नाही. आणि गोव्यात जा, चतुर्थीला हिंदूंच्या घरात आरतीला घुमट वाजतं, मातीचं, एका तोंडाला चामडं लावलेलं, आणि तेच घुमट ख्रिश्चन घरात लग्नात मांडोला वाजतं, सोबत व्हायोलिन. मांडो म्हणजे भाषा कोकणी, सुरावटींची ठेवण युरोपची, ताल घुमटाचा. याला भेसळ म्हणणार? तिथल्या लोकांचं ते घरचं गाणं आहे.

रेमो अशा घरातला. जन्म 1953 चा, म्हणजे गोवा मुक्त झाला 1961 च्या डिसेंबरमध्ये तेव्हा तो आठ वर्षांचा. तोपर्यंत पोर्तुगीज राज्य, कानावर मांडो, दुलपद ही गोव्याची गाणी, फादो हे पोर्तुगीज गाणं, आणि सातेक वर्षांचा असताना लंडनहून आलेल्या नातेवाइकाने बिल हेलीची रॉक अँड रोलची रेकॉर्ड आणली ती. मग बीटल्स, मग शाळेत पोरांचा बँड. पुढे आर्किटेक्चर शिकायला मुंबईला जेजेत, तिथे 'द सॅव्हेजेस' या बँडमध्ये. मग 1977 ते 1980 युरोप आणि उत्तर आफ्रिका, लोकांच्या गाड्यांना हात करत, रस्त्यावर वाजवत. आता यातलं कुठलं काढून टाकायचं म्हणजे तो "एका प्रकारात" बसेल? त्याने काही कालवलं नाही हो, कानावर जे पडत आलं त्यातलं काही टाकून दिलं नाही, एवढंच.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं म्हणून भरभर सांगतो. 1985 मध्ये श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल' सिनेमात गायला आणि दिसलाही, 1986 मध्ये हेरॉइनविरुद्ध 'पॅक दॅट स्मॅक' हा अल्बम, 1987 मध्ये 'बॉम्बे सिटी' हा अल्बम आणि तिकडे 'जलवा' सिनेमाचं गाणं, 1995 मध्ये रहमानबरोबर 'हम्मा हम्मा', 2007 मध्ये पद्मश्री. माझं स्पष्ट मत, ज्यांनी फक्त 'हम्मा' ऐकलंय त्यांनी रेमो ऐकलेला नाही. 1985 चा 'ओल्ड गोअन गोल्ड' ऐका, त्यात जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी आहेत, म्हणजे रॉकवाला म्हणून ओळखला जाणारा हा माणूस पहिल्या अल्बमनंतर लगेच आजीआजोबांच्या गाण्यांकडे गेला. ज्याला परंपरेची कदर नाही तो असं करतो का? दादा हे कधी ऐकून घेत नाही.

तुम्ही स्वतः गाणी लिहिता की नाही ते प्रश्नात नाही, पण असा प्रश्न विचारणारे बरेचदा लिहीत असतात, म्हणून सांगतो, "आधी एक शिक" म्हणणाऱ्यांचं ऐकून थांबू नका. एक शिकायला दहा वर्षं जातात आणि तोपर्यंत दुसरं हातातून सुटतं. दोन्ही बरोबर शिका. घरात जी भाषा बोलता तीत लिहा. आणि रेकॉर्डिंग कोणी करून देईल म्हणून वाट बघू नका, रेमोने नाही बघितली.

आता हेही सांगायला हवं, नाहीतर खोटं होईल. रेमोची गिटार लहानपणापासूनची होती, मुंबईत तयार बँडमध्ये वाजवून झालं होतं, तीन वर्षं रस्त्यावर वाजवत होता, मग कुठे तो स्कूटरवर कॅसेटी घेऊन निघाला, तेव्हा एकतिसाव्या वर्षात होता. माझी 1988 ची गिटार एका वर्षाची होती. मला तीनच कॉर्ड धड यायचे, आणि दुसऱ्या कडव्यात मी ताल धावडवला होता, पखवाज बरोबर होता, मी पुढे गेलो होतो. हे मी दादाला आजवर कबूल केलेलं नाही. बुवा गेले, त्यांच्याइतका मोकळा आवाज आमच्या पंचक्रोशीत नंतर झाला नाही, तेही खरं. पण चुकलं काय होतं तर ताल. गिटार चुकली नव्हती. ताल चुकला म्हणाले असते तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे शिकायला गेलो असतो.

आर्किटेक्चरचं राहिलंच. शिकला, पण जगला गाण्यावर. बाकी जेजेतल्या दिवसांबद्दल त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय, ते वाचा, माझ्याकडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

हे दादाला पाठवतोय. दादा, या चतुर्थीला मी गिटार घेऊन येतोय, गजर तोच आहे, पखवाज तू धर, जिथे हात उचललेस त्या कडव्यापासून.