आधी ती उत्तरपत्रिका

सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. मुलगा बारावी सायन्सला. त्याला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर व्हायचंय, वडिलांना तो पायलट हवाय. 'जुळे सोलापूरचा प्लॉट काढतो, पण पोराला मेकॅनिक करणार नाही. पायलटनं सांगायचं आणि ह्यानं पाना फिरवायचा? तसा माग दुरुस्त करणारा जॉबर माझ्याकडे आहेच की,' असं ते लिहितात. आणि शेवटी जाता जाता दोन ओळी : सराव परीक्षेत फिजिक्सला ७० पैकी १९ पडले, पोरानं पेपर तीन आठवडे कारखान्यातल्या खोक्यात लपवला, सापडल्यावर 'दोन ठेवून दिल्या'.

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मी त्या शेवटच्या ओळींपाशीच थांबले. १९ मार्कांचं मला फार वाटत नाही, ते भरून काढता येतात. पण तीन आठवडे तुमचा मुलगा रोज तुमच्यासमोर ताटावर बसत होता आणि तो पेपर त्याच्या घशात अडकलेला होता. तुम्ही त्याला खोटारडा म्हणता. मला तो घाबरलेला दिसतो. याआधी कमी मार्कांचा पेपर त्यानं आपण होऊन दाखवला, तेव्हा घरात काय झालं होतं? आठवून बघा. पत्रात ते आलेलं नाही.

मी हे धरून बसले आहे, कारण ज्या दोन कामांवरून तुमच्या घरात भांडण चाललंय, त्या दोन्हींचा पाया एकच आहे : बिघाड दिसला की तो लिहायचा. प्रत्येक विमानाबरोबर टेक लॉग, म्हणजे बिघाड-दुरुस्तीची नोंदवही असते. पायलटला काही खटकलं तर तो तिच्यात नोंद करतो, त्या बिघाडाला सगळे 'स्नॅग' म्हणतात. 'रेडिओ खराब' एवढ्यानं भागत नाही. कुठला सेट, किती उंचीवर, सतत की मधूनमधून, हे लिहावं लागतं, कारण हवेत खरखरणारा सेट जमिनीवर ठणठणीत चालतो. शेजारी इंजिनिअर काय तपासलं, काय बदललं ते लिहितो, आणि खाली त्याची सही, त्याचा लायसन्स नंबर.

अर्धवट लिहिलं तर काय होतं, ते इंडोनेशियात दिसलं. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स विमान डेनपसारहून जकार्ताला मोठ्या मुश्किलीनं पोचलं. कॅप्टननं वेग आणि उंचीचे आकडे जुळत नसल्याचं लिहिलं, पण पायलटच्या हातातला कंट्रोल कॉलम धोक्याचा इशारा देत सतत थरथरत होता आणि विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या ट्रिमचे स्विच बंद करून विमान आणावं लागलं, हे लिहिलं नाही. सकाळी तेच विमान दुसऱ्या क्रूबरोबर निघालं आणि समुद्रात पडलं. १८९ माणसं गेली. मुळात दोष विमानाच्या रचनेत होता, चुकीचं कॅलिब्रेट केलेला सेन्सरही होता. तरी चौकशी अहवालानं या अपुऱ्या नोंदीलाही कारणांमध्ये धरलं.

आता तुमच्या 'पाना फिरवण्या'बद्दल. हा गैरसमज काढून टाका. समजा होटगी रोडच्या विमानतळावर गोव्याचं विमान उतरलं आणि पायलटनं स्नॅग लिहिला. कुठला बिघाड घेऊन किती दिवस उडता येईल, याची ठरलेली यादी असते, तिला एमईएल म्हणतात. काहींना तीन दिवस, काहींना दहा. बिघाड त्या यादीत बसत नसेल, तर दुरुस्ती होऊन इंजिनिअरची सही पडेपर्यंत विमान जागेवर. पार्ट इथं नाही, प्रवासी खोळंबलेत, वरून फोनवर फोन. तरीही 'नाही' म्हणायचं, हे त्याचं काम. आणि इंजिनिअरनं सही दिल्यावरही कॅप्टन विमान नाकारू शकतो. इथे हुकूम देणारा आणि ऐकणारा असं नातंच नाही. जुलै २०२२ मध्ये डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या तपासणीत आढळलं, की नोंदवलेल्या बिघाडांचं कारण नीट शोधलं जात नाही आणि एमईएलवर सोडलेली विमानं वाढताहेत. त्यानंतर विमान जिथे थांबतं त्या प्रत्येक स्टेशनवर बी१ (इंजिन आणि यांत्रिक भाग) किंवा बी२ (इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) लायसन्सचा इंजिनिअर असावा, असा आदेश निघाला. तुम्ही ज्याला कमी लेखताय, त्या माणसासाठी हा आदेश होता. आणि जॉबरला तरी कमी का लेखता? 'हा माग आज चालवू नका,' असं तो म्हणाला, तर ऑर्डरच्या घाईत तुम्ही ऐकता का?

मार्ग साधा आहे : फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी, डीजीसीएमान्य संस्थेत प्रशिक्षण, मॉड्यूलच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग लायसन्स. पायलटला २०० तासांचं फ्लाइंग आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे कडक वैद्यकीय तपासणी लागते, खर्च कितीतरी पट.

पण आज यातलं काहीच ठरवू नका. प्लॉटला हात लावू नका. ज्याला १९ मार्क सांगायची भीती वाटते, त्याला मी कॉकपिटमध्येही बसवणार नाही आणि इंजिनपाशीही उभा करणार नाही. अजून कोवळा आहे, ही भीती जाईल, पण ती तुमच्या हातून जायला हवी. मारल्याबद्दल त्याची माफी मागा, त्याच्या आईसमोर. मग रविवारी ती उत्तरपत्रिका घेऊन दोघं बसा. मार्कांचा विषय काढू नका. कुठे अडलं, ते त्यालाच एकेक प्रश्न घेऊन सांगू दे, तुम्ही नुसतं ऐका. तो काय म्हणाला ते मला कळवा. पुढचं पत्र त्याच्या हातचं आलं तर जास्त बरं वाटेल.