इंदूर ते उज्जैन मदतनिधीसाठी पायी चालायचंय, पण सवय नाही. जमेल का?

जमेल, पण एका दिवसाचा हट्ट नको. अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर. वाटेतल्या सांवेर गावी मुक्काम करून दोन दिवसांत करा. दीड-दोन महिने आधीपासून दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढवत न्या, पंचवीसपर्यंत.

दम नाही, पाय दगा देतात. मी हौसेनं नवे कोरे बूट घालून निघालो होतो. लवकुश चौराहा सोडून तासभर होतो न होतो तोच टाच चुरचुरायला लागली. ‘पुढे बघू’ म्हणालो आणि सांवेरला मोजा काढला तर रुपयाएवढा फोड! चुरचुरलं की तिथेच थांबायचं, पाय कोरडा करून कागदी चिकटपट्टी लावायची, मोजे बदलायचे. फोड फोडू नका.

निघताना पोहे खा, जलेबी परतल्यावर. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएस ठेवा. फुटपाथ नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं चाला.

वर्गणी शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. दोन हजारांवर रोख दिली तर देणाऱ्याला देणगीवरची आयकरातली सूट मिळत नाही, मग काका-मामा तुम्हालाच बोल लावतात.