पिशवी भरू द्या त्यांना

‘सासूबाई ७६ वर्षांच्या. दिवेलागण झाली की पिशवीत लुगडं, कंगवा, कधी टीव्हीचा रिमोट भरतात आणि म्हणतात, मला घरी सोडा. जेवून उठतात नि शेजाऱ्यांना सांगतात, सून जेवायला देत नाही. हे म्हणतात, वय झालं, चालायचंच. नणंद फोनवरून सल्ले देते. परवा मी पिशवी हिसकावली, त्या रडल्या. मी वाईट आहे का?’
– एक सून, सातारा

अगं, वाईट नाहीस, दमली आहेस.

आधी तुझ्या यजमानांना सांगते. शेजारणीचं नाव आठवेना, हे वय. जेवून धुतलेले हात वाळायच्या आत जेवल्याचंच विसरणं, हे आजाराचं लक्षण. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. तेव्हा त्यांनी एक दिवस रजा काढून आईला डॉक्टरांकडे न्यावं. बी-१२, थायरॉइड तपासून घ्यावं, चालू गोळ्या सोबत न्याव्यात. कधी विसरण्याचं मूळ तिथेही सापडतं. मधल्या काळात तुलाच बोलावंसं वाटलं तर १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे.

पिशवीचं म्हणशील तर वाद घालू नकोस. त्यांचं ‘घर’ बहुधा माहेर असेल. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचार, बोलू दे. ‘चहा घेऊ, मग निघू’ म्हण. हे खोटं बोलणं नाही का, असं विचारशील. असेल, पण चालतं. दिवे मात्र अंधार पडायच्या आधीच लाव. आणि शेजाऱ्यांना आजाराबद्दल सांगून टाक, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच स्मृतिभ्रंशाला सार्वजनिक आरोग्याचा अग्रक्रम म्हटलं. २०१७ च्या जागतिक आराखड्यात तर सांभाळणाऱ्यांना आधार देण्याचं वेगळं कलमच आहे. आपल्याकडे सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते उपयोगी पडतं दवाखान्यात भरती झाल्यावर. तुझ्या रोजच्या संध्याकाळची सोय त्यात कुठे आहे? ती अजून सुनांच्याच पदरात टाकलेली, आणि याचा मला फार राग येतो.

म्हणून नणंदेकडून सल्ला नको, महिन्याचे आठ दिवस माग. सासूबाईंना मात्र तिकडे पाठवू नकोस, नव्या घरात त्या जास्त गोंधळतील. तिनेच इकडे यावं. तेवढे दिवस तू झोप.

आणि पिशवीच्या तळाशी तुझ्या फोन नंबरची चिठ्ठी शिवून टाक, आजच.