कासवांसाठी कोस्टा रिकाला जाऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दापोलीची, वय २४. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, दोन वर्षं नोकरी करून थोडे पैसे साठवलेत. समुद्री कासवांच्या कामासाठी चार आठवडे स्वयंसेवक म्हणून कोस्टा रिकाला जायचं मनात आहे. एक एजन्सी तिकीट सोडून पावणेदोन लाख मागतेय. आई म्हणते, ‘फुकट राबायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे?’ तिचं चुकतंय का? शिवाय मी शाकाहारी आहे. तुम्ही जाऊन आलात म्हणून विचारते.

उत्तर : आईचं अर्धं बरोबर आहे.

पैसे देण्यात गैर काही नाही. तू तिथे राहणार, जेवणार, तुला शिकवायला कुणीतरी आपलं काम बाजूला ठेवणार. तो भार गावाने का सोसावा? पण पावणेदोन लाखांतले गावात किती पोचतात, ते एजन्सीला विचार. माझ्या वेळी तीन ई-मेल पाठवूनही या एका प्रश्नाला उत्तर आलं नाही. मी तो नाद सोडला आणि ओस्तिओनाल गावात एका घरी खोली घेऊन राहिले. निवृत्तीनंतरचा पहिलाच पावसाळा होता तो.

ओस्तिओनाल पॅसिफिकच्या बाजूला, निकोया द्वीपकल्पावर आहे. तिथे येतं ते आपल्या कोकणातल्या वेळासचंच ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. वेळासला रात्री एखादं-दुसरं आलं तरी कासवमित्र, म्हणजे राखण करणारे गावकरी, खूश होतात. तिथे हजारोंनी येतात, रात्रीमागून रात्री. त्याला ते ‘अरिबादा’ म्हणतात. (आपल्याकडे हे बघायचं तर ओडिशात, ऋषिकुल्याला किंवा गहिरमाथाला.)

पहिल्याच सकाळी मी हादरले. बायका-पुरुष अनवाणी वाळूत टाचा रोवत, नाचल्यासारखे चालत होते. टाचेखाली वाळू भुसभुशीत लागली की खाली बसायचं, हाताने उकरायचं आणि अंडी पोत्यात भरायची. मी आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेली बाई, कासवं वाचवायला एवढ्या लांब आलेली, आणि डोळ्यांदेखत पोती भरताहेत! घरमालकिणीला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये जाब विचारला. ती हसली. म्हणाली, आधी आलेल्यांची घरटी नंतर येणारी कासवंच उकरून टाकतात. फुटलेली अंडी कुजतात आणि शेजारची चांगली अंडीही नासतात. म्हणून अरिबादाच्या पहिल्या छत्तीस तासांत गावाने अंडी काढायची, नंतर हात लावायचा नाही. १९८७ पासून हे कायद्याने चालतं. अंडी स्वस्तात विकतात, म्हणजे चोरट्या अंड्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. बदल्यात किनारा झाडायचा, कुत्री नि गिधाडं हाकायची, पिल्लं समुद्रात जाईपर्यंत राखण करायची, हे सगळं गावाकडे. मला ते पूर्ण पटलं का? अजूनही नाही. आपल्याकडे तर तो गुन्हाच आहे. पण निर्णय त्यांचा होता, आणि राखणही तेच करत होते.

माझ्या वाट्याला काय आलं, तर ओंडके. पावसात नदीतून वाहून आलेली लाकडं किनाऱ्यावरून ओढून बाजूला करायची, कासवांची वाट अडू नये म्हणून. नाहीतर प्लास्टिक वेचायचं. तीन आठवड्यांत एकही कासव मी ‘वाचवलं’ नाही. उलट पहिल्या रात्री डोक्यावर पांढऱ्या उजेडाची विजेरी लावून गेले, तर वाटाड्या मुलीने न बोलता तिच्यावर हात ठेवला. पांढऱ्या उजेडाने कासवं बिचकतात. उजेड लागलाच तर लाल, तोही कमी.

तेव्हा कुठेही जा, दोन गोष्टी विचार. आपण नसताना हे काम कोण करतं? आणि काय करायचं हे कोण ठरवतं? ‘गावातले लोक’ असं नेमकं उत्तर आलं नाही, किंवा पिल्लं तळहातावर घेऊन फोटो काढायला मिळतील असं आमिष दाखवलं, तर पैसे परत खिशात.

आणि अगं, तू दापोलीची! वेळास तुझ्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे २००२ मध्ये काम सुरू केलं. अंडी चोरीला जायची त्या किनाऱ्यावर आता लोक पिल्लं बघायला घरोघरी मुक्कामाला येतात. आधी एक हंगाम तिथल्या कासवमित्रांबरोबर पहाटे किनारा चाल. मग परदेशी गेलीस तर निदान काय विचारायचं ते कळेल. तोवर स्पॅनिश शीक. गावात इंग्रजी फारसं चालत नाही, आणि माझे निम्मे गैरसमज भाषेचे होते. व्हिसाच्या अर्जात पर्यटन की स्वयंसेवा, ते दिल्लीच्या दूतावासाला विचारूनच लिही. एजन्सीच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

जेवणाची काळजी नको. सकाळी ‘गाल्यो पिंतो’, म्हणजे भात आणि काळ्या घेवड्याची उसळ एकत्र परतलेली. फक्त चरबीत परतलेलं नाही ना, ते विचारून घे. तिसऱ्या दिवशी तिखटाची आठवण येते. आईला म्हणावं, लसणीच्या चटणीची डबी दे. माझी घरमालकिणीनेच संपवली.