अण्णांचे उपकार आणि पाकिटावरचा मजकूर

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची आहे. कोल्हापुरात गूळ पॅकिंग करणाऱ्या एका पेढीवर हिशेब बघते. पाकिटावर 'शंभर टक्के उसाचा शुद्ध गूळ' असं छापलेलं असतं. पण गुऱ्हाळावर रात्री साखरेची पोती जातात आणि त्यांची बिलं मी 'इतर खर्च' म्हणून लिहिते. बाबांच्या बायपासच्या वेळी मालकांनी, म्हणजे अण्णांनी, मागचापुढचा विचार न करता दीड लाख दिले. अजून एकदाही मागितले नाहीत. सगळे म्हणतात, साखरेनं कुणी मरत नाही. तक्रार केली तर कृतघ्न ठरेन, गप्प बसावं तर झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, 'साखरेनं कुणी मरत नाही' हे वाक्य तुला सगळ्यात जास्त अडकवतंय, म्हणून आधी तेच बघू. मार्केट यार्डातला सौदा डोळ्यांसमोर आण. साखर घातलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पिवळाधमक दिसतो. शेजारचा निव्वळ रसाचा गूळ तांबूस, काळपट. पहाटेपासून रस उकळणाऱ्या काहिलीपुढं उभं राहून, भेंडीच्या पाण्यानं मळी काढून ज्यानं तो केला, त्याच्या मालाला व्यापारी दर पाडून मागतो. गुऱ्हाळं बंद पडण्यामागं मजुरी आहे, कारखान्यांचा ऊसदर आहे, पण खऱ्या मालाला दर न मिळणं हेही आहेच. शिवाय साखर सोडायची म्हणून चार पैसे जास्त देऊन गूळ नेणारी म्हातारी माणसं आहेत. नुकसान होतंय, फक्त ते तुमच्या काउंटरवर दिसत नाही.

आता तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकात गुंतलेत. अण्णा काय करतात हा एक, आणि 'इतर खर्च' कुणाच्या अक्षरात लिहिलं जातं हा दुसरा. दुसरा पूर्णपणे तुझा आहे. त्याला अण्णांची परवानगी लागत नाही आणि तक्रारही करावी लागत नाही. उद्यापासून साखरेचं बिल साखर म्हणूनच लिही. विचारलं तर सांग, 'अण्णा, माझ्या हातून दुसरं लिहिलं जात नाही.'

उपकारांचं म्हणशील, तर दीड लाख ही रक्कम आहे, ती फेडता येते. दरमहा पगारातून ठरावीक पैसे कापून घ्यायला सांग, भले पाच वर्षं लागोत. अण्णा नको म्हणतील, तरी आग्रह धर. बाबांसाठी ते धावले, ती माया मात्र फिटणार नाही आणि फेडायचीही नाही. पण त्या मायेपोटी तू त्यांच्या खोट्यात भागीदार व्हावंस, असं अण्णांनी कधी म्हटलंय का? मला वाटतं, ही अट तूच स्वतःला घालून घेतलीस.

म्हणून आधी त्यांच्या तोंडावर बोल. कामगारांसमोर नको, त्यांच्या घरी जा. नव्या हंगामाची पाकिटं छापायला जायच्या आत जा. पाकिटावर खोटा मजकूर असेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही सांग. हे धमकी म्हणून नको, त्यांच्याच काळजीपोटी सांग. साखर बंद करा, नाहीतर शुद्ध म्हणून विकू नका, इतकंच मागणं.

तरीही नवी पाकिटं त्याच मजकुराची आली, तर नोकरी सोड आणि अन्न व औषध प्रशासनाला कळव. त्याला मी कृतघ्नपणा म्हणणार नाही. जो माणूस उपकारकर्त्याला आधी सावध करतो, वेळ देतो, त्यानं आपलं देणं दिलेलं असतं.

एका बाबतीत मात्र माझा सल्ला वेगळा आहे. रंग उजळायला हायड्रॉस पावडर बेसुमार पडत असेल, तर वाट बघू नकोस. या रसायनातून सल्फर डायऑक्साइड गुळात उतरतो. गुळात त्याला 70 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 70 भागांची, मर्यादा आहे आणि दम्याच्या माणसाला त्यानं खरोखर धाप लागते. तिथं अण्णांच्या घरी जाणं आणि तक्रार एकाच दिवशी.

हे सगळं करण्याआधी आईशी बोल. दोन-तीन महिने पगार थांबला तर बाबांची औषधं कशी भागवायची, हे दोघींनी कागदावर मांडून ठेवा.