पहिला उन्हाळा उड्डाण-मोहिमेत घालवू नका

म्युनिकजवळ विमानातून ओझोन आणि नायट्रोजन ऑक्साइडं मोजणाऱ्या गटात नोकरी मिळाली आहे, जूनमध्ये कुटुंबासह निघायचंय, मुलगी तिसरीत आहे. आधी काय शिकून घेऊ, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडतो.

ओझोनचं यंत्र लवकर हाताखाली येतं. 254 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचं शोषण मोजायचं, एवढंच. दमट थरातून विमान कोरड्या हवेत चढताना मात्र आकडा भरकटतो, तेवढ्या नोंदी वेगळ्या तपासा.

खरी मेहनत नायट्रोजन डायऑक्साइडवर घ्या. यंत्र फक्त नायट्रिक ऑक्साइड मोजतं, ओझोनशी त्याची क्रिया होताना निघणाऱ्या प्रकाशावरून; म्हणून डायऑक्साइडचं आधी कन्व्हर्टरमध्ये नायट्रिक ऑक्साइड करावं लागतं. सुमारे 325 अंशांचा मॉलिब्डेनम कन्व्हर्टर नायट्रिक आम्ल आणि पॅन (पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट, प्रदूषित हवेत तयार होणारं संयुग) यांचंही नायट्रिक ऑक्साइड करून टाकतो, आणि शहरापासून लांबच्या उन्हाळी हवेत आकडा फुगतो. म्हणून 395 नॅनोमीटरच्या एलईडीचा कन्व्हर्टर वापरतात. पण तोही तापतो, आणि उष्णतेनं पॅन फुटून नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. पॅनचं सरासरी आयुष्य 25 अंशांना पाऊण तास असतं, 60 अंशांना अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी. जुलैत धावपट्टीवर उभ्या विमानाची केबिन किती तापते ते लक्षात घ्या आणि कन्व्हर्टरचं तापमान सतत नोंदवा. हवा आत आणणारी नळी पीएफएची (टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची) आणि आखूड हवी: 50 पीपीबी (अब्जात 50 भाग) ओझोन असेल तर जमिनीलगतच्या दाबाला अंधाऱ्या नळीत दर सेकंदाला सुमारे 2 टक्के नायट्रिक ऑक्साइड खर्ची पडतं. कॅलिब्रेशन कोरड्या आणि दमट, दोन्ही हवेत करा. बाष्पामुळे त्या क्रियेतला प्रकाश मंदावतो.

कागदपत्रांचा खरा जाच विमानाचा. रॅकमधल्या प्रत्येक वस्तूचं वजन, प्रत्येक वायर मंजूर करून घ्यावी लागते. पंप बदलला की फाइल पुन्हा फिरते, म्हणून जादा पंप तंतोतंत तोच घ्या आणि त्याचीही मंजुरी सोबतच मागा.

आता घरचं. ओझोन उन्हात तयार होतो, म्हणून अशा मोहिमा बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. बव्हेरियातल्या शाळांची मोठी सुट्टीही तेव्हाच, थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. शाळा बंद आणि तुम्ही तळावर. त्यातून इथे चौथीतच मुलांची वाट ठरते: जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तरच सहसा थेट गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा), नाहीतर वेगळी चाचणी; उशिरा आलेल्या परभाषिक मुलांना जर्मन कच्चं असल्यास 3.33 पर्यंत सूट मिळू शकते. इथे 1 हा सर्वोत्तम गुण. वर्षभरापूर्वी आलेल्या मुलीला जर्मनच्या गुणांवर तोलायचं, हे मला आजही पटत नाही. या विषयावर माझा आवाज अजून चढतो. भाषेची शिकवणी तिकीट काढण्याआधीच सुरू करा.

एकटेपणाबद्दल थोडक्यात: कामावर जाणाऱ्याला तो कमी जाणवतो, घरी राहणाऱ्याला जास्त. म्हणून जोडीदाराचा भाषावर्ग तुमच्या सामानाआधी ठरवा.

आणि पहिल्या उन्हाळ्यात उड्डाणाऐवजी प्रयोगशाळेतलं कॅलिब्रेशन मागून घ्या. यंत्र तिथेच नीट कळतं, आणि संध्याकाळी घरी जाता येतं.